सीमाभागात महिला राखीव जागेवर उभं राहायचंय? आधी महाराष्ट्राचे नियम बाजूला ठेवा

मराठीत 'ग्रामपंचायत निवडणूक महिला आरक्षण' असं मोबाईलवर शोधलं की समोर येतं ते जवळजवळ सगळं महाराष्ट्राचं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कागदपत्रांच्या याद्या, यूट्यूबवरचे वकील, 'उमेदवारांनी घ्यावयाची काळजी' असल्या पीडीएफ, सगळं कोल्हापूर-पुण्याकडचं. बेळगाव, खानापूर, निपाणी तालुक्यांतल्या बायका तेच वाचून तयारीला लागतात आणि ऐन अर्जाच्या दिवसांत कळतं, आपल्याला लागू असलेला कायदा निराळाच आहे. कर्नाटकातल्या बाचीहून महाराष्ट्रातल्या शिनोळीला चालत जाता येतं, पण तेवढ्या वाटेत पंचायतीचा कायदा बदलतो. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. २००४ पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तोवर उमेदवारी अर्ज कर्नाटकाच्या कायद्यानेच भरावा लागणार.

घरात कुणी कधी निवडणूक लढवलेली नाही आणि आता वॉर्डात महिलेची जागा पडली म्हणून 'वहिनी, तुम्ही उभ्या राहा' असं गल्लीतली पोरं म्हणू लागली आहेत, अशा बायकांसाठी हे लिहितोय. आपण स्त्री आहोत हे कागदावर कसं सिद्ध करायचं, या प्रश्नाने ज्यांची झोप उडते त्यांच्यासाठीही. त्यांचा भाग पुढे सविस्तर येईल.

आधी काय विसरायचं

तिसरं मूल आहे म्हणून उभं राहता येणार नाही, असं चंदगडची नणंद सांगेल. तिच्या बाजूला ते खरं आहे. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली तर उमेदवार अपात्र ठरतो. कर्नाटकाच्या पंचायत कायद्यात ही अट नाही. तेवढ्यासाठी चांगल्या उमेदवाराने माघार घेऊ नये.

सरपंच हे पदच इथे नाही. महाराष्ट्रात सरपंच थेट गावातून निवडतात, इथे आधी मेंबर निवडून येतात आणि मग ते आपल्यातून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडतात. म्हणून 'मी सरपंचपदाला उभी आहे' असं पत्रकात छापू नका, लोक हसतात. ग्रामसेवकाच्या जागी आपल्याकडे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) असतो. जात पडताळणी समितीची ती भलीमोठी फाईलही इथल्या अर्जाला लागत नाही. पण जातीच्या दाखल्याची भानगड आपल्याकडे वेगळ्या तऱ्हेने अडवते.

जागा किती आणि कशा

१९९३ मध्ये लागू झालेली ७३ वी घटनादुरुस्ती सगळ्यांना ठाऊक असते. तिने पंचायतीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. पण कर्नाटकाने त्याच्या आधीच, १९८३ च्या कायद्याने, महिलांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या होत्या आणि १९८७ च्या निवडणुका त्याप्रमाणे झाल्या. आज ग्रामपंचायतीत महिलांचा वाटा निम्मा आहे, अध्यक्ष-उपाध्यक्षपदांमध्येही. दर ४०० लोकसंख्येमागे एक मेंबर असा हिशोब असतो, त्यामुळे सहा हजारांच्या पंचायतीत पंधरा जागा होतात. महिलांच्या जागा अनुसूचित जाती, जमाती, मागास वर्ग आणि सामान्य अशा प्रत्येक गटातून काढतात. एका वॉर्डात अनेकदा दोन-तीन-चार जागा असतात आणि प्रत्येकीचं आरक्षण वेगळं असतं.

विधानसभेला आणि लोकसभेला हे अजून लागू नाही. २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती एक तृतीयांश जागा देते, पण जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. त्यामुळे निपाणीत शशिकला जोल्ले, बेळगाव ग्रामीणमध्ये लक्ष्मी हेब्बाळकर, २०१८ ला खानापुरात अंजली निंबाळकर, २०२१ च्या पोटनिवडणुकीत मंगला अंगडी, २०२४ ला चिक्कोडीत प्रियांका जारकीहोळी, यांतली एकही महिला राखीव जागेवरून आलेली नाही. हे मुद्दाम सांगतोय. सामान्य जागेवरून उभं राहायला महिलेला कुणी अडवू शकत नाही, ग्रामपंचायतीतही नाही. 'ती पुरुषांची जागा आहे, तुम्ही तुमच्या जागेवर उभ्या राहा' असं पॅनेल ठरवणारे म्हणतात. कायद्यात पुरुषांची जागा असा प्रकारच नाही.

यादी वाचायला शिका

आरक्षणाची यादी कन्नडमध्ये लागते. पंचायतीच्या फलकावर किंवा तहसीलदार कचेरीत लावलेली ती यादी कुणाकडून तरी ऐकून पुढे जाऊ नका. फोटो काढा आणि कन्नड शाळेत शिकणाऱ्या पोराकडून शब्दन् शब्द वाचून घ्या. 'मीसलाती' म्हणजे आरक्षण. 'सामान्य (महिळे)' म्हणजे कुठल्याही जातीच्या महिलेसाठी. 'अनुसूचित जाति', 'अनुसूचित पंगड' म्हणजे जाती आणि जमाती. 'हिंदुळिद वर्ग-अ' आणि 'हिंदुळिद वर्ग-ब' हे मागासवर्गाचे दोन गट. ज्याच्यापुढे कंसात 'महिळे' नाही, ती जागा त्या गटातल्या पुरुष-स्त्री दोघांसाठी खुली.

यातली सर्वांत मोठी चूक वर्ग अ आणि वर्ग ब यांच्यात होते. शिक्षणाला, नोकरीला जे प्रवर्ग आहेत (टू-ए, थ्री-बी वगैरे) तेच इथेही चालतात असं लोक धरून चालतात. पंचायत निवडणुकीचे अ आणि ब हे गट स्वतंत्र आहेत. मुलाच्या कॉलेजच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते पाहून आपला गट ठरवू नका. तहसीलदार कचेरीत विचारून, निवडणुकीसाठीच असा उल्लेख करून दाखला मागा.

आरक्षण फिरतं असतं. गेल्या वेळी महिलेची असलेली जागा या वेळी तशीच राहील हे गृहीत धरून वर्षभर हळदीकुंकवाचे कार्यक्रम घेत बसलेल्यांची फजिती होते.

मतदार यादीत तुम्ही कुठे आहात

सीमाभागातल्या सुनांचं इथेच घोडं अडतं. मुलगी हलकर्णीची किंवा गडहिंग्लजची, सासर येळ्ळूर, कडोली, नंदगडकडे. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, रेशन कार्डात नाव आलं, पण मतदान अजून माहेरी. भावाच्या निवडणुकीला मत हवं म्हणून नाव तिकडेच ठेवलेलं. काहींची दोन्हीकडे नावं असतात आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही.

ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर त्याच ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव हवं आणि वय २१ पूर्ण हवं. मतदानाला १८ पुरतात, उमेदवारीला नाही. पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून बनते, म्हणून दुरुस्ती तिथेच करायची. राज्य बदलून नाव हलवायला आता नमुना ८ भरायचा असतो. ऑनलाइन होतो, नाहीतर वॉर्डातल्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्यायचा. माहेरचं नाव कमी झालं का, ते नंतर स्वतः तपासा. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे (१९५० चा) एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असू शकतं आणि खोटं निवेदन दिलं तर शिक्षा आहे. समोरचं पॅनेल चंदगडची यादी काढून आणतं. नातेवाईक त्यांचेही तिकडे असतातच.

हे काम निवडणूक जाहीर झाल्यावर करायचं नसतं. आज मनात विचार आला असेल तर आजच.

नावाच्या घोळाचंही तेच. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं, मतदार यादीत भलतंच काहीतरी, आणि कन्नडमध्ये लिहिताना त्याचं आणखी एक रूप झालेलं. सगळ्या कागदांवर एकच नाव करून घेणं शक्य असेल तर उत्तम. नसेल तर 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करून ठेवा आणि सोबत लग्नाचा दाखला जोडा. अर्जात मात्र मतदार यादीतलंच नाव, तिथल्याच स्पेलिंगसह.

जातीचा दाखला: सासर नव्हे, माहेर पाहतात

जागा 'सामान्य (महिळे)' असेल तर हा भाग सोडून द्या, जातीचा दाखला लागत नाही.

बाकीच्यांसाठी पहिला नियम असा, की जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वलसम्मा पॉल प्रकरणात सांगितलं, की पुढारलेल्या समाजातली स्त्री मागास समाजात लग्न करून गेली म्हणून तिला त्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. तेव्हा 'नवरा त्या जातीचा आहे, त्याचा दाखला जोडतो' हे चालणार नाही. आंतरजातीय लग्न केलेल्या बाईला तिच्या वडिलांच्या जातीचा दाखला मिळतो.

दुसरा नियम सीमेवर जास्त बोचतो. एका राज्यातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव निकालापासून हे ठरलेलं आहे. जातीचं नाव दोन्ही राज्यांच्या यादीत अगदी सारखं असलं तरी स्थलांतर करून आलेल्या माणसाला नव्या राज्यात तो लाभ मिळत नाही. लग्न करून येणं हेही त्यात मोडतं. गडहिंग्लज तालुक्यातली महार समाजातली मुलगी संकेश्वरला नांदायला आली, भाषा तीच, देव तेच, पण महाराष्ट्राच्या प्रांताधिकाऱ्याने दिलेला तिचा दाखला इथल्या राखीव जागेला पुरत नाही. मला हे न्याय्य वाटत नाही. सीमारेषा १९५६ साली कागदावर आखली गेली, सोयरिकी त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आल्या आहेत. पण छाननीच्या टेबलावर हा युक्तिवाद ऐकला जाणार नाही. अशा बाईसाठी सुरक्षित वाट म्हणजे सामान्य महिलेची जागा. समाजातून राखीव जागेला उमेदवार द्यायचा असेल तर इथेच जन्मलेली लेक किंवा इथल्याच माहेरची सून शोधा.

दाखला नाडकचेरीतून (होबळीच्या महसूल कचेरीतून) मिळतो. त्यावर आरडी नंबर असतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो. जुना हाताने लिहिलेला दाखला पेटीत असेल तर तो आधार म्हणून दाखवून नवा घ्या. तलाठ्याची चौकशी, वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला, यात दिवस जातात.

'महिला' म्हणजे कायद्याने कोण

बहुतेक वाचणाऱ्यांना हा प्रश्न पडणारच नाही. मतदार यादीत लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' आहे, संपलं. निवडणूक अधिकारी त्यापलीकडे पाहत नाही.

पण खोलात गेलं तर गंमत आहे. घटनेच्या २४३ ड कलमात महिलांना जागा दिल्या आहेत, महिला कोण ते सांगितलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत व्याख्या आहे ती एवढीच, की कुठल्याही वयाची मानवी स्त्री म्हणजे स्त्री. जुन्या दंडसंहितेतही तेच होतं. म्हणजे स्त्री म्हणजे स्त्री! शिवाय तो फौजदारी कायदा, निवडणुकीचा नव्हे. एवढ्यावर पूर्वी भागत होतं, आता भागत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर हा प्रश्न लांबचा नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला जाणाऱ्याने जोगते पाहिलेले असतात. यल्लम्माला सोडलेले, जन्माने पुरुष, पण साडी नेसून, डोक्यावर देवीचा जग घेऊन बाईच्या रूपात आयुष्य काढणारे. त्यांच्यातल्या मंजम्मा जोगती यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, त्याआधी त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या. आपण त्यांच्या पाया पडतो, परडीत जोगवा घालतो. त्यांच्यातलं कुणी महिला राखीव जागेवर अर्ज भरायला आलं तर?

कायद्याने त्यांची दखल घेतलेली आहे. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात सांगितलं, की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. त्या निकालपत्रात जोगता आणि जोगप्पा यांचा नावानिशी उल्लेख आहे. नंतर आला २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा, १० जानेवारी २०२० पासून लागू. त्याच्या मूळ व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी यांच्या जोडीला 'जोगता' हा शब्द आहे. मूळ कलमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या डीसींकडे, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र दिलं की तृतीयपंथी असल्याचं ओळखपत्र मिळतं, त्यासाठी वैद्यकीय तपासणी नाही. शस्त्रक्रिया झालेली असेल आणि 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशीच नोंद हवी असेल तर रुग्णालयाच्या दाखल्यासह दुसरा, सुधारित दाखला घ्यायचा. या कायद्यात आणि नियमांत बदल होतात, म्हणून अर्जाच्या वेळी चालू नियम डीसी ऑफिसात लेखी विचारून घ्या.

पण हा दाखला म्हणजे महिला राखीव जागेचा परवाना आहे का? इथे न्यायालयांची उत्तरं काळाप्रमाणे बदललेली दिसतात. मध्य प्रदेशातल्या कटनी शहरात कमला जान महापौर झाल्या, पद महिलांसाठी राखीव होतं. निवडणुकीला आव्हान दिलं गेलं आणि २००३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्या कायद्याने स्त्री नाहीत म्हणत निवड रद्द ठरवली. तेव्हा नालसा निकाल नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली यांचं प्रकरण आलं. महिला राखीव वॉर्डातला त्यांचा अर्ज त्या तृतीयपंथी आहेत म्हणून फेटाळला होता. न्यायालयाने नालसा आणि २०१९ च्या कायद्याचा आधार घेतला, त्यांनी स्वतःची ओळख स्त्री म्हणून निवडली आहे आणि ती पुढे बदलणार नाही हे नोंदवलं आणि अर्ज स्वीकारायला लावला. त्या लढल्या आणि निवडूनही आल्या.

हा निकाल महाराष्ट्रातल्या उच्च न्यायालयाचा. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाला तो बंधनकारक नाही, पण वकील तो आधार म्हणून दाखवू शकतो आणि निवडणूक अधिकाऱ्यापुढेही ठेवता येतो. आपल्याकडून उभं राहू पाहणाऱ्या पारलिंगी स्त्रीला मी असं सांगेन: मतदार यादीत लिंगाची नोंद नमुना ८ भरून आधीच दुरुस्त करून घ्या. त्या यादीत 'तृतीयपंथी' अशी नोंद आणि अर्जात 'स्त्री', असं झालं की पहिला आक्षेप तिथेच येतो. डीसींचा दाखला, आधार आणि मतदार ओळखपत्र एकसारखं ठेवा. 'मी स्वतःला स्त्री मानते, कायम स्त्री म्हणूनच राहते' असं प्रतिज्ञापत्र जोडा, कारण औरंगाबादला हाच मुद्दा निर्णायक ठरला. त्या निकालाची प्रत आणि एक वकील छाननीच्या दिवशी सोबत असू द्या. आणि जोगता म्हणजे स्त्रीच असं इतरांनी परस्पर ठरवू नये. काही जोगते स्वतःला बाई म्हणवतात, काही नाही. २४३ ड कलमात तृतीयपंथीयांसाठी वेगळी जागा नाही, त्यामुळे ज्यांना 'स्त्री' म्हणवून घ्यायचं नाही त्यांनी सामान्य जागेवरून उभं राहावं. तो दरवाजा सर्वांना उघडा आहे.

जगातही यावर एकमत नाही. स्कॉटलंडमध्ये सरकारी मंडळांवर निम्म्या महिला असाव्यात असा २०१८ चा कायदा झाला, त्यातल्या 'स्त्री'च्या व्याख्येवरून भांडण सुरू झालं आणि ते ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एप्रिल २०२५ मध्ये त्या न्यायालयाने सांगितलं, की समानता कायद्यात स्त्री म्हणजे जन्मतः स्त्री. मेक्सिकोत ओआहाका राज्यात २०१८ ला काही पुरुषांनी पारलिंगी स्त्री असल्याचा दावा करून महिलांच्या कोट्यात उमेदवाऱ्या मिळवल्या, न्यायाधिकरणाने त्यांतल्या बहुतेकांना बाद केलं.

उद्या आपल्या गावातले पुरुषही असं सोंग करतील, ही भीती मला पोकळ वाटते. सोंग घ्यायची त्यांना गरजच काय? बायकोच्या नावाने अर्ज भरला की काम होतं. राखीव जागेचा गैरवापर आपल्याकडे त्या दाराने होतो, आणि त्या दारावर छाननी नाही.

अर्ज आणि छाननी

नामपत्र म्हणजे उमेदवारी अर्ज कन्नडमध्ये असतो आणि पंचायतीतच नेमलेल्या चुनावणाधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. अनामत किरकोळ असते, महिलांना आणखी कमी. सूचक म्हणून सही करणारा वॉर्डातला मतदार हवा आणि यादीतला त्याचा क्रमांक बरोबर हवा. पंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली असेल तर भरून पावती घ्या. घरात शौचालय असण्याची अटही कर्नाटकाच्या कायद्यात आहे. जमीन-घराचे उतारे, कर्ज, गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात खरी लिहा. स्त्रीशक्ती संघाचं किंवा धर्मस्थळ संघाचं कर्ज तुमच्या नावावर आहे, तेही लिहा.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीचं पॅनेल, काँग्रेसचं, भाजपचं, हे गावाच्या बोलीत. मतपत्रिकेवर फक्त नाव आणि आयोगाने दिलेलं चिन्ह. बेळगाव महापालिकेचं वेगळं आहे, तिथे २०२१ ला पक्ष चिन्हांवर उतरले.

छाननीला स्वतः जा. नवऱ्याला, दिराला, पॅनेलप्रमुखाला पाठवून घरी बसू नका. आक्षेप तुमच्या नावावर, वयावर, जातीवर येणार, उत्तर तुम्हालाच देता आलं पाहिजे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. निवडणूक चालू असताना न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, घटनेच्या २४३ ओ कलमाचा तो अडसर आहे. निकालानंतर ३० दिवसांत दिवाणी न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, आणि तेव्हा ते लेखी कारणच तुमच्या हातात लागतं.

छाननी ते माघार या दोन-तीन दिवसांत घरावर सर्वांत जास्त दबाव येतो. 'बिनविरोध करूया, देवळाला एवढे देतो' अशी बोली लागते. जागेचा लिलाव बेकायदेशीर आहे, मग पैसे देवळाच्या कळसाला का जाईनात. माघारीचा अर्ज कोऱ्या कागदावर सही करून कुणाकडेही ठेवू नका.

भाषेचं काय

कन्नड येत नाही म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे धोरण जुनं आहे, आणि मराठीत कागद मिळावेत ही आपली मागणी त्याच आधारावर उभी आहे. मागणी लेखी करत राहा. घटनेच्या ३५० ब कलमाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त असतो, त्यालाही पत्र लिहिता येतं. पण मागणी मान्य होईपर्यंत ठरावाच्या वहीत लिहिलेलं तुम्हाला कळलं पाहिजे. वाचता येईल एवढं कन्नड शिकलात तर मराठीपण कमी होत नाही. उलट मराठी मेंबरला कन्नड वाचता येत नाही हे ज्यांच्या पथ्यावर पडतं, त्यांची अडचण होते.

निवडून आल्यावर

अध्यक्षपदाचं आरक्षण वेगळं जाहीर होतं आणि मुदत तीस महिन्यांची, पाच वर्षांत दोन अध्यक्ष. पद महिलेसाठी राखीव नसलं तरी महिला अध्यक्ष होऊ शकते. बेळगाव शहरात सरिता पाटील, संज्योत बांदेकर, शोभा सोमनाचे, सविता कांबळे अशा महिला महापौर झाल्या आहेत, तेव्हा हे पद आपल्यासाठी नाही असं कुणी सांगू लागलं तर नावं ऐकवा.

बैठकीत नवऱ्याने बसायचं नसतं. निवडून आलेल्या सदस्यांची ती बैठक आहे. सुरुवातीला तो बाहेर थांबेल, मग दारात, मग खुर्चीत. पहिल्याच बैठकीत पीडीओला सांगा, की सदस्याव्यतिरिक्त कुणाला बसू देऊ नये, आणि हे इतिवृत्तात लिहून घ्या. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. अध्यक्ष झालात तर पैसे काढायला तुमची डिजिटल सही लागते. ती बनवताना मोबाईल नंबर स्वतःचा द्या, नवऱ्याचा नको. ते यंत्र आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. पीडीओ 'मॅडम, इथेच कपाटात असू दे, तुम्हाला कशाला त्रास' म्हणाला तरी पर्समध्ये टाका आणि घरी चला.